हौशी छायाचित्रकाराची वही

पॅरिस शहरांतील एका रुंद व गजबजलेल्या रस्त्याचें चित्र लुई दागेर या फ्रेंच गृहस्थानें १८३८ सालीं आपल्या खिडकींतून घेतलें. रस्त्याचें नांव बूलव्हार द्यु तांप्ल. त्या काळीं तेथें दिवसभर गाड्याघोड्यांची व माणसांची वर्दळ असे. परंतु चित्रांत पाहावें तों रस्ता ओस पडलेला! झाडें आहेत, घरांचीं धुराडीं आहेत. माणसांची गर्दी मात्र कोठेंच नाहीं. याचें कारण असें कीं, चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर दागेर आपलीं चित्रें घेई, आणि त्यावर चित्र उमटण्यास कित्येक मिनिटें लागत. तेवढ्या वेळांत जो चालत होता, जो गाडींत बसून जात होता, त्याची खूणहि पत्र्यावर राहिली नाहीं. राहिला तो कोपऱ्यावर पाय पुढें करून बुटांना पॉलिश करून घेणारा एक मनुष्य. तो स्थिर उभा होता म्हणून उमटला. छायाचित्रांत सांपडलेला पहिला मनुष्य म्हणून त्याची ओळख जगभर सांगतात. पण त्याचें नांव कोणासच ठाऊक नाहीं, आणि त्याच्या पायाशीं बसलेल्या पॉलिशवाल्याचें तर नाहींच नाहीं.

विद्यार्थी मित्रांनो, छायाचित्रणाच्या कलेचा स्वभाव या एका चित्रांत उघड दिसतो. यंत्र रूप टिपतें, तेंहि स्वतःच्या मर्यादेंत. नांव, गांव, प्रसंग यांची त्यास गंधवार्ता नसते. तें काम यंत्र धरणाऱ्यानें करावयाचें असतें. धंदेवाईक छायाचित्रकार लग्नें, सभा व मोठ्या लोकांच्या भेटी यांचीं चित्रें घेतो, कारण त्यांचे त्यास पैसे मिळतात. आपल्या आळींतील पाणपोई, शाळेच्या फाटकापाशीं बोरें विकणारी बाई, आजोबांची दाढी करावयास घरीं येणारा न्हावी, यांचीं चित्रें घेण्यास कोणी कोणास पैसे देत नाहीं. तीं घेईल तर हौशी मनुष्यच घेईल. आणि त्यानें तीं घेतलीं नाहींत, किंवा घेऊन नांव लिहून ठेवलें नाहीं, तर तीं गेलींच म्हणून समजावें. या छंदाकडे केवळ करमणूक म्हणून पाहूं नये असें मला वाटतें, तें यासाठींच.

कॅमेऱ्याची ओळख घरच्या घरीं करून घेतां येते. बुटांचा रिकामा खोका घ्या. त्याच्या एका आंखूड बाजूस टांचणीनें एकच स्वच्छ भोंक पाडा. समोरची बाजू कापून तेथें पतंगाचा पांढरा कागद ताणून चिकटवा. मग आपल्या डोक्यावर व खोक्याच्या कागदाकडील भागावर जाड चादर ओढून घ्या, म्हणजे बाहेरचा उजेड कागदावर पडणार नाहीं, आणि भोंक उन्हांतील झाडाकडे करा. कागदावर तें झाड मंद रंगांत, पण खालीं डोकें वर पाय अशा स्थितींत दिसेल. प्रकाश सरळ रेषेंत जातो. झाडाच्या शेंड्यापासून निघालेला किरण भोंकांतून पार होऊन खालीं उतरतो व बुंध्यापासून निघालेला वर चढतो, म्हणून हा उलटेपणा. लॅटिन भाषेंत ‘कॅमेरा’ या शब्दाचा अर्थच खोली असा आहे. अंधाऱ्या खोलीच्या खिडकीस भोंक ठेवून हीच गंमत लोक कित्येक शतकें पाहत आले होते. दागेर व त्याचे समकालीन यांनीं नवें केलें तें एवढेंच कीं, ती क्षणिक छाया रसायनांच्या साह्यानें कायमची पकडून ठेवली. भोंकाऐवजीं भिंग बसविलें म्हणजे अधिक प्रकाश गोळा होतो व चित्र रेखीव उमटतें. बाकी कॅमेरा म्हणजे खोकाच. मग तो दहा रुपयांचा असो कीं लाखाचा.

आतां या खोक्यांत प्रकाश किती घ्यावयाचा, हा प्रश्न राहिला. घागर भरावयाची तर नळ मोठा सोडून थोडा वेळ धरावी, किंवा बारीक सोडून पुष्कळ वेळ धरावी; पाणी तेवढेंच येतें. कॅमेऱ्यांत नळाच्या जागीं भिंगामागील छिद्र असतें व वेळ मोजण्यास शटर नांवाची झडप असते. भिंगावर २·८, ४, ५·६, ८, ११, १६ असे आंकडे कोरलेले असतात. आंकडा जसजसा मोठा तसतसें छिद्र लहान, हें प्रथम चमत्कारिक वाटतें. परंतु भिंगाच्या नाभीय अंतरास छिद्राच्या व्यासानें भागून हा आंकडा येतो हें ध्यानांत घेतलें म्हणजे कोडें सुटतें. एक पायरी पुढें गेलें कीं प्रकाश निम्मा होतो. जुन्या हौशी मंडळींचा एक सोपा नियम होता : स्वच्छ ऊन असेल तर छिद्र १६ वर ठेवावें, आणि फिल्मचा वेग १०० असल्यास शटर एका सेकंदाच्या शंभराव्या भागापुरतें उघडावें. फोनमधील कॅमेऱ्यांत छिद्र बहुधा एकाच मापाचें असतें. तेथें वेळ व संवेदनक्षमता यांचा हिशेब यंत्र आपल्या आपण करतें. यंत्र करतें म्हणून आपण तो शिकूं नये असें मात्र नाहीं. पाढे पाठ असलेल्या मुलास गणकयंत्राची चूक चटकन् दिसते, तसेंच हें आहे.

हा हिशेब आगगाडींत बसल्यावर फार उपयोगीं पडतो. गाडी ताशीं ६० किलोमीटर वेगानें चालली असेल, तर ती एका सेकंदांत सुमारें १६·७ मीटर जाते. शटर सेकंदाचा साठावा भाग उघडें राहिलें तर तेवढ्यांत गाडी २८ सेंटीमीटर पुढें सरकते. हजारावा भाग उघडें राहिलें तर दोन सेंटीमीटरांहूनहि कमी. यास्तव रुळालगतचे खांब व झुडुपें फरपटल्यासारखीं येतात. दूरचे डोंगर मात्र जागच्या जागीं राहतात. खंडाळ्याचा घाट चढतांना दरीपलीकडील कड्याचें चित्र चांगलें येतें व हाताजवळची रानफुलें पुसून जातात, याचें कारण हेंच. अर्थात् चित्रासाठीं डब्याच्या दारांत लोंबकळणें हा छंद नव्हे, मूर्खपणा आहे. बंद खिडकीची कांच रुमालानें पुसून, भिंग तिच्याशीं अगदीं जवळ धरलें म्हणजे आंतील प्रतिबिंबें टळतात व काम भागतें.

रोजच्या जीवनाचीं चित्रें हौशी लोकांनीं आरंभापासूनच कां घेतलीं नाहींत, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर सामानांत आहे. १८५१ सालीं निघालेल्या ओल्या कांचेच्या पद्धतींत, कांचेवर रसायन पसरून तें ओलें आहे तोंवरच चित्र घ्यावें लागे व लगेच धुवावें लागे. म्हणजे प्रवासास निघावयाचें तर कांचा, बाटल्या, तिवई व अंधारा तंबू हा सर्व लवाजमा हमालांच्या अगर बैलांच्या पाठीवर लादून न्यावयाचा. एवढा खटाटोप करून मनुष्य देऊळ किंवा किल्लाच टिपील. भाजीवाली कां टिपील? १८७१ नंतर कोरड्या कांचा निघाल्या. १८८८ सालीं अमेरिकेंत जॉर्ज ईस्टमन यानें कोडॅक नांवाचा हातांत मावणारा खोका विकावयास काढला. त्याची किंमत २५ डॉलर असून आंत १०० चित्रांची गुंडाळी भरलेली असे. चित्रें घेऊन झालीं कीं खोकाच कारखान्यास परत पाठवावयाचा. १९०० सालीं त्याच कंपनीनें ब्राउनी हा कॅमेरा अवघ्या एका डॉलरास विकला, तो मुलांना डोळ्यांपुढें ठेवूनच. त्या दिवसापासून आई चुलीपुढें आहे, भाऊ झाडावर चढला आहे, मांजर उंबऱ्यांत निजलें आहे, अशीं चित्रें जगांत जमूं लागलीं.

आपल्या मुंबईस मात्र हा छंद त्यापूर्वींच येऊन पोहोंचला होता, ही अभिमानाची गोष्ट आहे. तेथें १८५४ सालीं छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तींत होते. आणि एल्फिन्स्टन विद्यालयांत छायाचित्रण शिकविण्याचा वर्ग निघाला, त्यांत हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे विद्यार्थी तयार झाले. १८५६ पासून १८५८ पर्यंत जॉन्सन व हेंडरसन या दोघांनीं हौशी छायाचित्रकारांच्या नांवानेंच एक संग्रह मुंबईंत प्रसिद्ध केला. त्यांत खरीं छायाचित्रें चिकटविलेलीं असत. पुढें १८६३ व १८६६ सालीं याच जॉन्सन यांनीं मुंबईच्या रहिवाशांच्या चित्रांचे दोन ग्रंथ काढले. त्यांतील मौज अशी कीं, माणसांचें चित्र एकीकडे घेतलेलें, मागचें दृश्य दुसरीकडचें, आणि दोन्ही कौशल्यानें जोडून एक केलेलीं. चित्रांत जोडकाम करण्याची युक्ति संगणकानें आणली अशी ज्यांची समजूत असेल त्यांनीं हे ग्रंथ पाहावे.

परंतु मला त्यांतील दुसरीच गोष्ट सलते. चित्राखालीं छापलेलें असतें तें जातीचें किंवा धंद्याचें नांव. माणसाचें बहुधा नसतें. पागोटें, अंगरखा, लुगड्याची ठेवण, कानांतील भिकबाळी, सारें कसें स्वच्छ दिसतें. चेहऱ्यावरचा संकोचहि दिसतो. तथापि हा गृहस्थ कोण, त्याची बायको त्यास काय म्हणून हांक मारी, हें विचारण्याची गरज चित्रकारास भासली नाहीं. जणुं पेटींत टांचलेल्या फुलपांखराखालीं लावावी तशी ती चिठ्ठी! दीडशेंहून अधिक वर्षें लोटलीं; आतां विचारावें कोणास?

नांव लिहिण्याचा व न लिहिण्याचा परिणाम काय होतो, हें दोन हौशी व्यक्तींच्या चरित्रांवरून चांगलें कळतें. झाक आंरी लार्तीग हा फ्रान्समधील मुलगा १८९४ सालीं जन्मला. १९०२ सालीं, म्हणजे तो आपल्या प्राथमिक शाळेंतील मुलांएवढा असतांना, त्याच्या वडिलांनीं त्यास कॅमेरा दिला. त्यानें काय टिपलें? भावाच्या उडत्या यंत्रांच्या खटपटी, पायऱ्यांवरून उडी मारणारी चुलतबहीण, धुरळा उडवीत जाणाऱ्या शर्यतीच्या मोटारी, बागेंत फिरावयास आलेल्या नटव्या स्त्रिया. सर्व घरचें व दारचें. पण तो नुसतीं चित्रें घेऊन थांबला नाहीं. रोजनिशी लिही, हवा कशी होती तें मांडी, आणि चित्रें वहीत चिकटवून त्यांखालीं माणसांचीं नांवें घाली. अशा शंभरांहून अधिक वह्या त्यानें जमविल्या. जगानें त्याची चित्रें पाहिलीं तीं १९६३ सालीं, न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयांत. तेव्हां तो सत्तरीच्या घरांत होता. आज कोणतेंहि चित्र काढा, तें कोणाचें व केव्हांचें हें बहुधा सांगतां येतें.

दुसरी व्यक्ति व्हिव्हियन मायर. ही १९२६ सालीं न्यूयॉर्कमध्यें जन्मली व शिकागो शहरांत लोकांचीं मुलें सांभाळण्याची नोकरी करून तिनें बहुतेक आयुष्य काढलें. मुलांना फिरावयास नेतांना गळ्यांत रोलायफ्लेक्स कॅमेरा असे. हा कॅमेरा छातीशीं धरून वरून खालीं पाहावयाचा असतो, त्यामुळें समोरच्या मनुष्यास आपल्यावर कोणी डोळा रोखल्यासारखें वाटत नाहीं. १९५९ सालीं ती एकटीच जगाच्या प्रवासास निघाली. रस्त्यावरचे म्हातारे, रडणारीं पोरें, दुकानाच्या कांचेंतील स्वतःचें प्रतिबिंब, अशीं एक लाखाहून अधिक चित्रें तिनें घेतलीं व जवळजवळ कोणासच दाखविलीं नाहींत. कित्येक फिल्मा तर धुतल्याहि नव्हत्या. भाड्याच्या कोठारांत ठेवलेलें तिचें सामान भाडें थकल्यामुळें २००७ सालीं लिलांवांत गेलें, तेव्हां हा ठेवा बाहेर आला. २००९ सालीं ती वारली. चित्रें इतकीं सुंदर कीं आज मोठमोठ्या प्रदर्शनांत तीं मांडतात; परंतु त्यांतील बहुसंख्य माणसें अनामिक आहेत आणि अनामिकच राहणार. कलेच्या दृष्टीनें दोघांत थोर कोण याचा निवाडा मी करीत नाहीं. आपल्या आजीचें चित्र मात्र लार्तीगच्या हातून निघालेलें बरें, असें मला वाटतें.

नांव गळण्याची पाळी कधीं कधीं चित्रकारावरहि येते. होमाई व्यारावाला यांचें उदाहरण मुलींनीं अवश्य लक्षांत ठेवावें. त्या १९१३ सालीं नवसारीस जन्मल्या, मुंबईस जे. जे. कलाशाळेंत शिकल्या, आणि तेथील मैत्रिणींचीं व शहरांतील साध्या जीवनाचीं चित्रें घेतां घेतां त्यांचा हात तयार झाला. ‘इलस्ट्रेटेड वीकली’मध्यें त्यांचीं आरंभींचीं चित्रें छापलीं गेलीं तीं त्यांचे पति माणेकशा यांच्या नांवावर, कारण या कामांत बाई असते हेंच तेव्हां लोकांस ठाऊक नव्हतें. पुढें त्या भारतांतील पहिल्या वृत्तछायाचित्रकार स्त्री म्हणून मान्यता पावल्या व २०११ सालीं त्यांस पद्मविभूषण मिळालें.

आतां शहराकडे वळूं. मुंबईंत १८७४ पासून घोड्यांच्या व १९०७ पासून विजेच्या ट्रामगाड्या धांवत असत. ३१ मार्च १९६४ रोजीं त्या कायमच्या बंद झाल्या. समजा, त्या आधीं एका वर्षानें कोणी आपल्या काकांचें चित्र रस्त्यावर उभें करून घेतलें व मागें योगायोगानें ट्राम आली. त्या दिवशीं ती अडचण वाटली असेल. आज काकांना ओळखणारे थोडे. ट्राम पाहावयास मात्र घरदार गोळा होईल. पद्मिनी मोटारींच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी २०२३ सालच्या ऑक्टोबरांत मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या, आणि डिझेलवर चालणाऱ्या जुन्या दुमजली बसगाड्या त्याच्या आदल्या महिन्यांत. ज्या वस्तु रोज दिसतात त्या कोणी टिपीत नाहीं, आणि टिपावें असें वाटतें तेव्हां त्या नसतात. यास्तव चित्र घेतांना माणसाच्या मागचें सारें कापून टाकूं नका. दुकानाची पाटी, भिंतीवरील जाहिरात, भावाचा फळा, विजेचा खांब, यांपैकीं कांहींतरी येऊं द्या.

उदाहरणार्थ, कल्हईवाला घ्या. स्टेनलेसचीं भांडीं घरोघर आल्यापासून तो दुर्मिळ झाला आहे. पण अजून कोठें कोठें भेटतो. तो दिसतांच कॅमेरा पुढें करूं नका. प्रथम उभें राहून त्याचें काम पाहा. तो जमिनींत लहानसा खड्डा करून कोळसे पेटवितो, भाता लावतो, भांडें तापवितो, त्यांत नवसागराची पूड टाकतो, तापलेल्या भांड्यास कथलाची कांडी लावतो व कापसाच्या बोळ्यानें एका फेऱ्यांत तें कथील पसरतो; काळवंडलेलें पितळ क्षणांत रुप्यासारखें होतें. मग भांडें पाण्यांत बुडविल्याचा चुर्र असा आवाज. दोन भांडीं होईपर्यंत नुसतें पाहिलें म्हणजे तिसऱ्या वेळीं कोणता क्षण केव्हां येणार हें तुम्हांस आधींच कळतें, आणि चित्रकाराचें निम्मे काम तेथेंच झालें. मग नांव विचारा, गांव विचारा, ‘चित्र घेऊं का?’ असें विचारा. नवसागराचा पांढरा धूर उजळ भिंतीपुढें दिसत नाहीं. तुम्ही अशा बाजूस जा कीं धुरामागें सांवली असेल व ऊन समोरून अगर बाजूनें येत असेल, म्हणजे तो धूर दुधासारखा उजळून निघेल. एक चित्र सबंध माणसाचें, एक नुसत्या हातांचें, एक भात्याचें, एक भांडें घेऊन आलेल्या बाईंचें. एवढीं चार पुरेत. चित्राची प्रत त्यास नेऊन देण्याचें कबूल केलें असेल तर ती नेऊन द्या. ही प्रत न देण्याची खोड फार मंडळींस असते, व तीमुळें पुढच्या हौशी मनुष्याकडे लोक संशयानें पाहतात.

ऊन कसें आहे यावर फार कांहीं अवलंबून असतें. भर दुपारीं चित्रें घेऊं नयेत. आपल्याकडे मे महिन्याच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस मुंबईवर सूर्य अगदीं डोक्यावर येतो, इतका कीं उभ्या काठीची सांवली पायांतच राहते. अशा वेळीं कपाळाची सांवली डोळ्यांच्या खोबणींत पडून देखणा मनुष्यहि आजारी दिसतो. सकाळचें नऊच्या आंतलें व सायंकाळचें ऊन तिरपें व कोमल असतें. दादरच्या फुलबाजारांत तर उजाडतांना जावें. पावसाळ्यांतील ढगाळ प्रकाशास लोक नांवें ठेवतात, पण चेहऱ्याचें चित्र घेण्यास त्यासारखा प्रकाश नाहीं. सारें आकाशच पांढऱ्या पडद्यासारखें होऊन सांवल्या निवळतात. त्या ऋतूंत भिंगावर बुरशी धरते, म्हणून कॅमेरा घट्ट झांकणाच्या डब्यांत ओल शोषणाऱ्या खड्यांच्या पुड्या घालून ठेवावा.

प्रवासांत आणखी एक मोह असतो. जे दृश्य छापील चित्रांत शंभर वेळां पाहिलें, नेमकें तेंच पुन्हां घ्यावयाचें आणि परत यावयाचें! ताजमहालाचीं चित्रें विकत मिळतात. पहाटे त्याच्या फाटकाशीं रांगेंत उभें असतां तुमच्या शेजारीं कोण होतें, हें विकत मिळत नाहीं. अजिंठ्यास गेलां तर तेथें फ्लॅशचा झगझगाट करण्यास मनाई आहे, ती पाळा. रंगांचें रक्षण हें एक कारण झालें. शिवाय समोरून पडलेल्या उजेडानें चित्र सपाट होतें हा तोटा निराळाच. अजिंठ्याची दुसरीहि एक हकीकत हौशी मंडळींनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. रॉबर्ट गिल या अधिकाऱ्यानें कित्येक वर्षें लेण्यांत राहून तेथील भित्तिचित्रांच्या मोठ्या रंगीत नकला केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगींत गेल्या. मग ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखालीं जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनीं १८७२ ते १८८५ या काळांत पुन्हां नकला केल्या; त्यांतील पुष्कळ १८८५ सालीं लंडनमध्येंच दुसऱ्या आगींत जळाल्या. एकाच ठिकाणीं ठेवलेली वस्तु ही अर्धी गेलेली वस्तु. तुमचीं चित्रें एका फोनमध्येंच असतील तर फोन पाण्यांत पडण्याची वाट पाहूं नका. दुसऱ्या ठिकाणीं प्रत ठेवा, आणि वर्षांतून निदान पन्नास निवडून कागदावर छापून घ्या.

तीर्थक्षेत्रीं व घाटावर अधिक जपावें. काशीस मणिकर्णिकेवर चिता जळत असतां कॅमेरा काढणें हें निष्ठुरपणाचें आहे. पंढरीच्या वाटेवर पाय सुजलेली म्हातारी झाडाखालीं बसली असेल, चंद्रभागेंत बाया स्नान करीत असतील. त्यांचें चित्र ‘चांगलें’ येईल हें खरें. पण त्या जागीं आपली आई असती तर आपण काय केलें असतें, एवढा विचार करावा. ज्यास नाहीं म्हणण्याची संधि मिळाली नाहीं त्याचें चित्र घेणें म्हणजे न विचारतां त्याच्या घरांत शिरणें होय.

आतां पालकांस एक विनंति. पूर्वीं फिल्म महाग असे, म्हणून लोक विचार करून चित्र घेत. रोलायफ्लेक्सच्या एका गुंडाळीवर बारा चित्रें बसत. बारा झालीं कीं संपलें. आतां मुलें सहलीस जाऊन एका दिवसांत तीनशें चित्रें घेतात व त्यांतील तीनहि पुन्हां उघडीत नाहींत. तुम्हीं मुलास फोन द्याल तेव्हां बाराचा नियम घालून द्या : दिवसाला बारा, अधिक नाहींत. आणि एक दोन आण्याच्या वहीसारखी साधी वही द्या. फोन चित्राबरोबर तारीख, वेळ व पुष्कळदां ठिकाणहि आपण होऊन नोंदतो. तें लिहिण्याची गरज नाहीं. वहींत लिहावयाचें तें यंत्रास न कळणारें : माणसाचें पूर्ण नांव, त्याचें आपलें नातें, काय चाललें होतें, चित्राच्या आधीं व नंतर काय झालें. दोन ओळी पुरतात.

घरांतील जुन्या चित्रांचें काम त्याहून निकडीचें आहे, कारण तें सांगणारीं माणसें वृद्ध आहेत. दिवाळीच्या सुटींत एके दुपारीं पेटी काढून आजीजवळ बसा. चित्र समोरून नव्हे, पाठीमागून लिहावयाचें. बॉलपेननें नव्हे, मऊ पेन्सिलीनें व हलक्या हातानें, कारण दाबून लिहिलें कीं पुढें वळ उमटतात व शाई कालांतरानें झिरपते. ‘आजी’ असें लिहूं नका. पन्नास वर्षांनीं ती कोणाची आजी हें कोणी सांगावें? माहेरचें व सासरचें, दोन्ही नांवें लिहा. जेथें आजीस आठवत नाहीं तेथें ‘डावीकडून तिसरा, नांव आठवत नाहीं, बहुधा मामेभाऊ’ असेंच लिहा. अर्धवट माहितीवरूनहि दुसरा कोणी धागा जोडूं शकतो.

शाळेपुरतें बोलावयाचें तर, आपल्यासारख्या वार्षिकांत वर्गांचे व संघांचे समूहचित्र छापून खालीं ‘खुर्चीवर बसलेले’, ‘उभे असलेले’, ‘खालीं बसलेले’ अशी डावीकडून उजवीकडे नांवें देण्याची जुनी पद्धति आहे, व ती फार शहाणपणाची आहे. पण अशा चित्रांच्या कडेस कित्येकदां एक शिपाई उभा असतो, घंटा वाजविणारा किंवा पाणी देणारा, आणि नांवांची यादी त्याच्या अलीकडेच संपते. इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांस या वर्षीं असें काम सुचवावेंसें वाटतें : ग्रंथालयांत जुन्या अंकांच्या बांधलेल्या फायली आहेत, त्या उघडून अशा कडेच्या माणसांची यादी करावी, अंकाचें वर्ष व चित्राचें पान लिहावें, आणि स्नेहसंमेलनास जुने विद्यार्थी येतील तेव्हां एकेकास तें पान दाखवून नांव विचारावें. सर्वांत वयोवृद्ध असतील त्यांच्याकडे आधीं जावें. ते बहुधा पुढच्या रांगेंत बसतात व चहाच्या वेळेपूर्वींच घरीं जातात.